डोंगळे

रात्रपाळी उतरून सीबीएसवर निफाडची गाडी धरली.
उगावला पोचले तेव्हा द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून ओळींमधून वाकून चालत होता.
पारा रात्री सहावर आला म्हणे.
दगूमामा चाळीपुढं पोत्यावर बसलेले,
कानटोपी, बंडी, शेजारी विळा.
"आलीस? रंग तू सांग. बाकीचं मी बघतो."

मोतीबिंदू पिकलाय त्यांचा.
ऑपरेशनची तारीख दर वर्षी
डोंगळ्यांनंतर ढकलतात.

एकेक कांदा मी त्यांच्या तळव्यात ठेवते.
"तांबूस. पत्ती चकाकतेय."
मामा मानेवरून अंगठा फिरवतात,
मी वॉर्डात नाडी बघते तसा.
जाड मान पलीकडं.
बारीक, घट्ट मिटलेली मान मांडीजवळ.

जूनमध्ये जे सडले, श्रावणात ज्यांना कोंब फुटले,
ते आपणहून गेले.
निम्मी निवड चाळीनंच केलेली.

एक हाती आला, ढिगातला सगळ्यात देखणा,
मी मुद्दाम काही न बोलता दिला.
त्यांनी तोलला, हसले:
"हा बाजाराचा. दिसायलाच जन्मलाय.
बियाला मधला लागतो,
मुठीत धरला तर बोटं मिटली पाहिजेत."

मग विळा.
वरचा तिसरा हिस्सा उडवायचा आणि आत बघायचं.
डोळा एकच हवा.
"एक," मी सांगते. "एक.
एक.
दोन."
"टाक."
जोड कांद्यांची पाटी भरत जाते, कालवणाची.
डोळे माझे झोंबतात,
त्यांना सवय आहे की दिसत नाही म्हणून, कोण जाणे.

अडीचला विमलचा फोन. हॉलंडात चहाची सुट्टी.
हातमोजा दातानं ओढत म्हणाली,
आम्हीपण तेच करतोय गं, ट्यूलिपचे कंद,
दाबून बघायचे, मऊ नको, बुरशी नको,
आणि तीन महिने गारठा खाल्ल्याशिवाय
फूल येत नाही मेलं, नुसती पानं.
मामा लांबूनच ओरडले,
"मग आपल्याकडं काय वेगळं आहे?
थंडीबिगर दांडा निघंल का?
विचार तिला, तिकडं किती?"
"चार."
"हितं सहा. एकच की."
ती हसली. तिच्या हसण्यात माझा दात दिसतो,
डावीकडचा, वाकडा.

आम्ही झालो तेव्हा मामा पिंपळगावच्या दवाखान्यात
एकच टोपडं घेऊन आले होते.
दुसरीसाठी उपरणं फाडलं, असं आई सांगायची.
मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

दुपार कलल्यावर सरीत उतरलो.
औषधाच्या बादलीतून निथळलेले डोंगळे,
कापलेलं तोंड वर, हातभर अंतर.
मी ठेवते, ते गुडघ्यांवर सरकत माती ओढतात,
गळ्याशी सैल, बुडाशी दाबून,
रांग अशी सरळ की दिसणाऱ्याला जमू नये.
बांधापलीकडं कुणीतरी रात्रीसाठी
पुन्हा काटक्या रचत होतं.

शेवटचा खड्डा, लिंबाजवळचा.
स्वेटरच्या खिशातून मी काढला तो ठेवला.
न कापलेला. एका सालीत दोघं,
मधे बोटाच्या नखाएवढी खाच.

मामांचा हात आला, थांबला.
अंगठा खाचेवरून गेला. परत आला.
"काय ठेवलंस?"
"कांदा."
"किती?"
मी बोलले नाही.
नळीतून पाण्याचे पहिले थेंब सुटले,
दूर, रांगेच्या त्या टोकाला.

त्यांनी माती ओढली. थोडी जास्तच.
मग हात झटकत, उठायला माझा खांदा धरत,
"ह्याचं बी वेगळं धरावं लागंल," म्हणाले,
"आणि मधमाश्यांना
तूच सांग काय सांगायचं ते."